खुब्याचं हाड 'मरतं' म्हणजे काय? एव्हीएनवर आयुर्वेदात कोणते उपचार आहेत आणि ते कुठवर पुरतात?

मांडी घालून बसायला गेलं की जांघेत कळ येते. दुचाकीवर पाय टाकताना त्रास होतो. काही दिवस गोळी घेतली की बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. एक्स-रे काढला तर 'काही नाही' असं सांगितलं जातं. काही महिन्यांनी चालताना लंगडणं सुरू होतं, एमआरआय होतो आणि अहवालात तीन अक्षरं येतात: एव्हीएन.

त्यानंतर बहुतेक घरांत दोन सल्ले एकदमच मिळतात. कुणी म्हणतं, "सांधा बदलून टाका." कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाठवतं, "ऑपरेशन नको, आयुर्वेदात याला पक्का इलाज आहे."

नागपूरच्या इतवारीत या दोन्ही वाटा जवळजवळच आहेत. बाजारात गुग्गुळ, गुळवेल, अश्वगंधा सुट्या वजनावर मिळतात. तिथून थोड्या अंतरावर सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सक्करदऱ्याकडे गेलं की शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. प्रश्न पर्यायांचा नाही. कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार किती उपयोगी पडतो, हे रुग्णाला कळण्याचा आहे.

थोडक्यात

- एव्हीएनमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला रक्त पोहोचत नाही आणि तिथल्या हाडाच्या पेशी मरतात.
- हाडाचा गोल आकार टिकून आहे की खचला आहे, यावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून असतं.
- आयुर्वेदात यासाठी बस्ती, सिद्ध तूप आणि गुग्गुळाचे कल्प वापरले जातात. वेदना आणि हालचाल सुधारल्याच्या नोंदी आहेत. हाड खचायचं थांबतं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.
- वेदना कमी होणं आणि हाड वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाड 'मरतं' म्हणजे नेमकं काय होतं?

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसवलेला चेंडू. वाटी कमरेच्या हाडाची आणि चेंडू मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा. आपण उभे राहतो, चालतो, जिना चढतो, तेव्हा शरीराचा भार या चेंडूवरून खाली पायात जातो.

हाड बाहेरून दगडासारखं वाटलं तरी ते जिवंत असतं. जुनं हाड झिजवणं आणि नवं घालणं हे काम आत सतत चालू असतं आणि त्यासाठी रक्त लागतं. अडचण अशी की खुब्याच्या चेंडूला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि बारीक आहेत. त्या हाडाच्या मानेला चिकटून वर जातात. एखादी बंद पडली तर दुसरीकडून पुरेसा पुरवठा होईलच असं नाही.

रक्त बंद झालं की काही दिवसांतच तिथल्या पेशी मरतात. पण हाड लगेच मोडत नाही. मेलेल्या भागाचा सांगाडा काही महिने, कधी वर्षंसुद्धा, भार पेलत राहतो. शरीर तो भाग काढून नवं हाड घालायचा प्रयत्न करतं. झिजवणं आधी होतं, भरणं मागाहून. या मधल्या काळात हाड पोकळ आणि कमजोर होतं, आणि रोजच्या चालण्याच्या भारानेच चेंडूचा पृष्ठभाग आत दबतो. एकदा चेंडू चपटा झाला की तो वाटीत नीट फिरत नाही. मग कूर्चा झिजते आणि सांधा कायमचा बिघडतो.

यालाच अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस किंवा ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. हा साध्या म्हातारपणाच्या संधिवातापेक्षा वेगळा आजार आहे. तो बहुतेकदा ३० ते ५० या वयात, म्हणजे ऐन कमावत्या वयात गाठतो.

हा आजार कुणाला होतो?

मुख्य कारणं अशी:

- अपघात: मांडीच्या हाडाची मान मोडणं किंवा खुबा निखळणं. यात रक्तवाहिन्याच तुटतात.
- स्टेरॉइड: जास्त मात्रेत किंवा जास्त काळ घेतलेली.
- दारू: अनेक वर्षं भरपूर पिणं.
- रक्ताचे व इतर आजार: सिकलसेल, ल्युपस, रक्त गोठण्याचे काही विकार.
- काही रुग्णांत मात्र कारण सापडतच नाही.

यातली दोन कारणं आपल्याकडे जरा सविस्तर समजून घ्यायला हवीत.

विदर्भात सिकलसेल विसरून चालणार नाही

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. यात तांबड्या पेशी गोल राहत नाहीत. विळ्यासारख्या वाकड्या होतात, एकमेकींना अडकतात आणि बारीक वाहिन्या बंद करतात. खुब्याच्या चेंडूत तर वाहिन्या मुळातच बारीक. म्हणून सिकलसेलच्या रुग्णांत एव्हीएन वारंवार दिसतो, तोही तरुण वयात, कधी शाळकरी वयातसुद्धा.

पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, या आजाराचं प्रमाण महाराष्ट्राच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत तो अधिक आढळतो. या प्रश्नासाठी नागपुरात दीर्घकाळ काम केलेले संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं आणि त्यासाठी २०४७ ची मुदत ठेवली आहे.

याचा साधा अर्थ असा की विदर्भातल्या तरुण माणसाला एव्हीएन निघाला आणि कारण स्पष्ट नसेल, तर सिकलसेलची रक्ततपासणी झाली पाहिजे. उपचार ॲलोपॅथीचा घ्या किंवा आयुर्वेदाचा, हे आधी माहीत असणं गरजेचं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

कोविडनंतर एव्हीएनची चर्चा का झाली?

२०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या रुग्णांना मिळालेलं स्टेरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन इतकं होतं. एव्हीएन होण्यासाठी एकूण सुमारे २००० मिलिग्रॅम मात्रा लागते, असं आधीच्या नोंदींवरून मानलं जायचं. त्रासही कोविडचं निदान झाल्यावर सरासरी ५८ दिवसांत सुरू झाला होता.

तीन रुग्णांवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण स्टेरॉइडने वाचवले, हेही खरं आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच: स्टेरॉइडचा मोठा कोर्स होऊन गेला असेल आणि नंतर जांघ दुखू लागली, तर ते अंगावर काढू नये.

लक्षणं कशी ओळखायची?

- जांघेत खोलवर दुखणं. काहींना नितंबात किंवा मांडीत दुखतं.
- मांडी घालून बसता न येणं, उकिडवं बसताना अडणं, पाय आत वळवताना कळ येणं.
- सुरुवातीला चालताना आणि पुढे रात्री झोपेतही दुखणं.
- लंगडणं.

खुब्याचं दुखणं कधी फक्त गुडघ्यात जाणवतं. मग गुडघ्याचे एक्स-रे निघत राहतात आणि मूळ जागा तपासायची राहून जाते. काही वेळा 'सायटिका' म्हणून महिनोन् महिने कमरेवर उपचार होतात. खुब्याच्या क्षयरोगातही सुरुवातीची लक्षणं अशीच असू शकतात. त्यामुळे निदान पक्कं होण्याआधी कोणताच उपचार सुरू करणं धोक्याचं.

एमआरआय का लागतो?

सुरुवातीच्या एव्हीएनमध्ये एक्स-रे अगदी सामान्य दिसू शकतो. एमआरआयमध्ये मात्र तो लवकर दिसतो. अपघाताशिवाय झालेला एव्हीएन अनेकदा दोन्ही बाजूंना असतो. म्हणून एकच खुबा दुखत असला तरी एमआरआय दोन्हींचा करतात.

अवस्था साधारण चार धरल्या जातात:

१. पहिली: एक्स-रे सामान्य, एमआरआयमध्ये बदल.
२. दुसरी: एक्स-रेमध्येही बदल दिसतात, पण चेंडू गोलच असतो.
३. तिसरी: पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी भेग दिसते, चेंडू खचू लागतो.
४. चौथी: चेंडू चपटा झालेला असतो आणि वाटीसकट सांधा झिजलेला असतो.

पहिल्या दोन अवस्थांत हाड वाचवायचा प्रयत्न करता येतो. तिसरीच्या पुढे ती संधी झपाट्याने कमी होते. अवस्थेइतकंच महत्त्वाचं असतं मेलेल्या भागाचं आकारमान आणि तो भार पडणाऱ्या जागी आहे का, हे. अहवाल हातात आला की डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: अवस्था कोणती, भाग किती मोठा, आणि तो कुठे आहे?

आयुर्वेद या आजाराकडे कसं पाहतो?

प्राचीन ग्रंथांत एव्हीएन या नावाचा आजार नाही. असणार तरी कसा? जो आजार पहिल्या अवस्थेत एक्स-रेलाही दिसत नाही, तो त्या काळी वेगळा ओळखता येणं शक्य नव्हतं. आजचे वैद्य लक्षणांवरून त्याला साधारणपणे 'अस्थिमज्जागत वात' या वर्णनाशी जोडतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय आहे. त्यात वात हाडात आणि मज्जेत बिघडला तर काय होतं, ते सांगितलं आहे: हाडं आणि पेरं फुटल्यासारखी दुखणं, सांधेदुखी, मांस आणि बळ कमी होणं, झोप न लागणं आणि सतत ठणकणं. एव्हीएनच्या रुग्णाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. पण इतर अनेक हाडांच्या आजारांतही असंच होतं. म्हणून हे वर्णन जुळलं, म्हणजे निदान झालं असं होत नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दोष आणि धातू यांचं नातं सांगितलं आहे. त्यानुसार हाड हे वाताचं घर. बाकी धातूंत पोषण वाढलं की दोषही वाढतो. हाड आणि वात यांचं नातं उलटं आहे: वात वाढला की हाड क्षीण होतं. त्यामुळे उपचाराची दिशा ठरते ती वात कमी करायचा आणि हाडाला पोषण द्यायचं. काही वैद्य इथे रक्ताच्या मार्गातला अडथळा हाही भाग धरतात आणि आधी तो दूर करायचा विचार करतात.

आयुर्वेदात उपचार काय करतात?

१. तिक्तक्षीर बस्ती

हाडांच्या आजारांत पंचकर्म, विशेषतः बस्ती, आणि कडू द्रव्यांनी सिद्ध केलेलं दूध व तूप वापरावं, असा चरकाचा निर्देश आहे. एव्हीएनसाठी आज वैद्य सर्वांत जास्त वापरतात ती तिक्तक्षीर बस्ती याच आधारावर.

यात कडू वनस्पतींचा काढा दुधात सिद्ध करतात, त्यात तूप, मध, सैंधव वगैरे मिसळतात आणि तो गुदमार्गाने देतात. 'पंचतिक्त' म्हणजे कडुनिंब, पटोल, रिंगणी, गुळवेल आणि अडुळसा. बस्तीचे क्रम ठरलेले आहेत: योगबस्ती ८, कालबस्ती १५ किंवा १६, कर्मबस्ती ३०. अनेक ठिकाणी काही महिन्यांच्या अंतराने असे क्रम पुन्हा करतात.

बस्ती हा घरी करायचा प्रयोग नाही. त्याआधी तेल लावणं, शेक, पथ्य, आणि नंतरची देखरेख यासाठी पंचकर्माची सोय असलेलं रुग्णालय लागतं.

२. पोटात घ्यायची औषधं

पंचतिक्तघृत गुग्गुळ, लाक्षादी गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ ही नेहमीची नावं. कुणी हाडजोडी, अश्वगंधा, मंजिष्ठा यांचीही जोड देतात. प्रकृती, पचन आणि आजाराची अवस्था पाहून वैद्य निवड बदलतात. त्यामुळे 'शेजारच्याला लागू पडलं' म्हणून तीच बाटली आणणं हे आयुर्वेदाच्या नियमातही बसत नाही.

३. बाहेरून

तेल लावणं, शेक, साठेसाळीच्या भाताच्या पुरचुंडीने शेकणं, कमरेवर तेल धरून ठेवणं. यांनी स्नायूंचा ताठरपणा कमी होतो आणि आराम वाटतो.

४. पथ्य

दारू बंद. विडी-सिगारेट बंद. वजन आटोक्यात. उड्या, धावणं, जड उचलणं टाळायचं. इथे आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचं एकमत आहे.

मग याने हाड वाचतं का?

एव्हीएनवरच्या आयुर्वेदिक उपचारांबद्दल जे छापून आलं आहे, त्यात बहुतांश एकेका रुग्णाच्या किंवा थोड्या रुग्णांच्या नोंदी आहेत. त्यांत अनेकदा वेदना कमी झाल्याचं, चालण्याचं अंतर वाढल्याचं, सांधा जास्त वळू लागल्याचं दिसतं. हे फायदे खोटे मानायचं कारण नाही. ज्याला रात्री झोप लागत नव्हती त्याला झोप लागली, तर ती मोठीच गोष्ट आहे.

पण या नोंदींत तुलनेसाठी दुसरा गट क्वचितच असतो, आणि एव्हीएनमध्ये तुलना फार महत्त्वाची. याची कारणं तीन.

पहिलं कारण, हा आजार सगळ्यांत सारख्या वेगाने वाढत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा ६६४ खुब्यांची माहिती एकत्र केली होती, ज्यांत एव्हीएन होता पण त्रास नव्हता. पुढे त्यातल्या ३९४ खुब्यांत, म्हणजे ५९ टक्क्यांत, त्रास सुरू झाला किंवा हाड खचलं. म्हणजे उरलेल्यांत तोवर तसं झालं नव्हतं. छोटा आणि भार न पडणाऱ्या जागचा भाग असेल तर तो बराच काळ शांत राहू शकतो. अशा रुग्णाने त्या काळात जे काही घेतलं असेल, त्याला श्रेय मिळतं.

दुसरं, वेदना चढ-उतार होत राहते. हाडातली सूज ओसरली, रुग्णाने चालणं कमी केलं, काठी घेतली, तरी दुखणं कमी होतं. आतला भाग मात्र तेवढाच राहू शकतो.

तिसरं, मोडलेलं हाड आणि मेलेलं हाड यांत फरक आहे. हाडजोडीसारख्या वनस्पतींवरचे बरेचसे प्रयोग प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर झाले आहेत. मोडलेल्या हाडाला आजूबाजूने रक्त मिळत असतं. एव्हीएनमध्ये मूळ अडचण रक्ताचीच आहे. तिथला निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून 'सहा महिन्यांत ऑपरेशन टळलं' असं सांगणारा व्हिडिओ पाहिलात, तर एकच प्रश्न विचारा: आधीचा आणि नंतरचा एमआरआय कुठे आहे?

निम्मं सत्य दुसऱ्या बाजूलाही आहे. एव्हीएनसाठी दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गोळ्यांच्या चाचण्यांतही निकाल उलटसुलट आले आहेत. हाड खात्रीने परत जिवंत करणारं औषध आज कोणत्याच शाखेकडे नाही.

कुठे धोका आहे?

विनानावाच्या पुड्या. सांधेदुखीवर 'देशी औषध' म्हणून विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेक तपासण्यांत आढळलं आहे. एक-दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम, भरपूर भूक, चेहरा सुजल्यासारखा गोल होणं, वजन, साखर किंवा रक्तदाब वाढणं, ही त्याची खूण असू शकते. विचार करा: स्टेरॉइडने एव्हीएन होतो आणि एव्हीएनचा रुग्ण बरं वाटावं म्हणून नकळत स्टेरॉइडच खातो. अशी पुडी महिनोन् महिने घेत असाल तर ती एकदम बंदही करू नका, जीवाला धोका होऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू कमी करतील.

यकृत आणि मूत्रपिंड. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरच्या महिन्यांत पाहिलेल्या, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी व्यवहारातला धडा सोपा आहे: अनेक महिने औषध घ्यायचं असेल तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या मधूनमधून करून घ्याव्यात. पारा किंवा इतर धातूंचे कल्प असतील तर हे आणखीच गरजेचं.

सिकलसेलच्या रुग्णाने घ्यायची काळजी. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचा तीव्र झटका येऊ शकतो. जोराचा घाम काढणारा शेक किंवा जुलाब देणारं विरेचन अशा रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं. हिमोग्लोबिन आधीच कमी असताना रक्तमोक्षणही टाळायला हवं. चालू असलेली हायड्रॉक्सियुरिया स्वतःहून थांबवू नये.

जोराची मालिश आणि 'हाड बसवणं'. खुबा उतरला आहे असं समजून पाय ओढणं, पिळणं, त्यावर भार देणं यामुळे कमजोर झालेला चेंडू खचू शकतो.

आधुनिक वैद्यकात काय पर्याय आहेत?

हाड खचण्याआधी कोअर डीकम्प्रेशन करतात. मांडीच्या हाडात बारीक छिद्र पाडून मेलेल्या भागापर्यंत मार्ग केला जातो. आतला दाब कमी होतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. कधी त्यात हाडाचा तुकडा किंवा रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी भरतात. लवकरच्या अवस्थेत आणि छोट्या भागात निकाल चांगले, उशिरा केल्यास कमी.

चेंडू खचून सांधा झिजला असेल तर सांधा बदलणं हा खात्रीचा मार्ग. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बदललेले सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकतात. पस्तिशीतल्या रुग्णाला पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून डॉक्टरही शक्य असेल तर थांबतात. पण चौथ्या अवस्थेत वर्षानुवर्षं लंगडत राहिल्यास मांडीचे स्नायू सुकतात, कमर आणि दुसरा पाय बिघडतो, काम सुटतं.

खर्चाची चिंता असेल तर शासकीय रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि आपल्या शस्त्रक्रियेचा त्यात समावेश आहे का ते विचारा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथे अस्थिरोग विभाग आहेत. सिकलसेल हा दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, हेही अशा कुटुंबांनी लक्षात ठेवावं.

आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर हे करा

१. आधी दोन्ही खुब्यांचा एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडून अवस्था निश्चित करून घ्या.
२. वैद्य नोंदणीकृत आहे ना, ते पाहा. शासकीय आयुर्वेद रुग्णालयातही पंचकर्म होतं.
३. सिकलसेल, मधुमेह, यकृताचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधी घेतलेलं स्टेरॉइड, हे सगळं वैद्यांना सांगा.
४. लेबल वाचा: घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत. लेबल नसेल तर घेऊ नका.
५. काठी वापरायला लाजू नका. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.
६. साधारण तीन ते सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, एक्स-रे किंवा एमआरआय पुन्हा करा. बरं वाटत असलं तरी.
७. सुरू करतानाच ठरवा: अमुक तारखेच्या तपासणीत भाग वाढलेला किंवा हाड खचू लागलेलं दिसलं तर पुढचा निर्णय लांबवायचा नाही.

सातवा मुद्दा सगळ्यात अवघड. औषध बदलत, वैद्य बदलत वर्ष निघून जातं आणि दुसऱ्या अवस्थेतला रुग्ण तिसऱ्या अवस्थेत पोहोचतो. बहुतेकदा नुकसान औषधाने होत नाही, गेलेल्या वेळेने होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एव्हीएन आपोआप बरा होतो का?
छोटा भाग क्वचित आपोआप भरून येतो. मोठा, भार पडणाऱ्या जागचा भाग बहुतेकदा वाढतो.

डिंकाचे लाडू, कॅल्शियम, दूध यांनी फरक पडेल का?
आहार म्हणून चांगलेच. पण ही कॅल्शियमची कमतरता नाही, रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे.

आयुर्वेद आणि ॲलोपॅथी एकत्र घेता येतं का?
घेता येतं, पण दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती हवी. लपवून घेऊ नका.

चौथ्या अवस्थेत बस्तीने सांधा पूर्ववत होईल का?
नाही. दुखणं काही काळ कमी होऊ शकतं. चपटा झालेला चेंडू औषधाने पुन्हा गोल होत नाही.

पूर्ण विश्रांती घ्यावी का?
अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू कमजोर होतात. भार कमी करायचा, हालचाल बंद करायची नाही. पोहणं, पडल्या पडल्या करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

*ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या आजाराची अवस्था, वय आणि इतर आजार पाहून उपचार ठरतात. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा किंवा नोंदणीकृत वैद्यांचा सल्ला घ्या.*